३१ मोठे लष्करी ड्रोन येणार आहेत. प्रवासी विमानांच्या आकाशात त्यांना जागा द्यायची का?

आकाशमार्ग

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार केला. नौदलाला १५, भूदलाला ८ आणि हवाई दलाला ८. पहिली खेप २०२९ मध्ये अपेक्षित आहे. आपल्याकडे या खरेदीवर जी चर्चा झाली ती किंमत आणि क्षेपणास्त्रे यांच्याभोवतीच फिरली. ही विमाने उडणार कुठून आणि कोणाच्या शेजारून, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

लग्नात चित्रीकरण करणारा ड्रोन डोळ्यांसमोर आणू नका. एमक्यू-९बीचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २४ मीटर आहेत. ७० प्रवासी नेणाऱ्या एटीआर-७२ विमानाचे २७ मीटर असतात, यावरून अंदाज येईल. उड्डाणाच्या वेळी वजन ५,६७० किलोपर्यंत, उंची ४० हजार फुटांच्या घरात, आणि एकदा वर गेले की दीड दिवस खाली यायची गरज नाही.

बातम्यांत आलेल्या नियोजनानुसार नौदलाचे ड्रोन अरक्कोणम आणि पोरबंदरहून, तर भूदल व हवाई दलाचे सरसावा आणि गोरखपूरहून उडतील. अरक्कोणम चेन्नईपासून जेमतेम ७० किलोमीटरवर आहे. गोरखपूरला तर हवाई दलाच्याच धावपट्टीवरून प्रवासी विमाने ये-जा करतात.

आजची पद्धत अशी की अशा ड्रोनसाठी आकाशाचा एक तुकडा बंद करायचा, नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून सगळ्यांना कळवायचे आणि प्रवासी विमानांनी वळसा घालायचा. दोनचार ड्रोन होते तोवर हे निभावले. ३१ ड्रोन, प्रत्येकाची दीड दिवसाची फेरी आणि खाली दरवर्षी वाढणारी प्रवासी वाहतूक, हे गणित बंद तुकड्यांनी सुटणार नाही. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितले होते की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के मोकळेपणाने वापरता येते, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. एका बाजूने आकाश मोकळे करायचे आणि दुसऱ्या बाजूने ड्रोनसाठी नवे खांब रोवायचे, हे एकत्र चालत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. या ड्रोनना सामाईक आकाशात आणावे, पण प्रवासी विमानाला जे बंधन आहे ते त्यांनाही असावे. उडण्यायोग्य असल्याचा दाखला हवा, इतर विमानांना दिसायला हवे, समोर कोणी आले तर स्वतःहून बाजूला व्हायला हवे, आणि अपघात झाला तर चौकशीचा अहवाल लोकांसमोर यायला हवा. हे नियम २०२९ च्या आधी ठरले पाहिजेत. तुम्हाला काय वाटते?

चिखलीकर_वास्को

माझा साफ विरोध आहे.

आम्ही दाभोळी विमानतळाच्या कुशीत राहतो. १ ऑक्टोबर २००२ रोजी नौदलाची दोन आयएल-३८ विमाने इथेच हवेत एकमेकांवर आदळली. त्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवाचे उड्डाण होते. दोन्ही विमानांतले सगळे १२ जण गेले, खाली जमिनीवरही माणसे मेली. आत अनुभवी वैमानिक बसलेले होते, एकमेकांना बघत उडत होते, तरी हे घडले. आता आत कोणीच नसलेले साडेपाच टनांचे विमान प्रवासी विमानांच्या रांगेत घालायचे म्हणता?

आणि या यंत्रांचा आपल्याकडचा इतिहास बघा. २० ऑगस्ट २०२३, डीआरडीओचे तपस चाचणीत असताना कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या शेतात पडले. १८ सप्टेंबर २०२४, नौदलाने भाड्याने घेतलेले एमक्यू-९बी तांत्रिक बिघाडामुळे चेन्नईजवळ बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. १३ जानेवारी २०२५, दृष्टी-१० पोरबंदरजवळ समुद्रात पडले. दीड वर्षाच्या आत तीन वेगवेगळ्या जातींचे तीन मोठे ड्रोन गेले. तिन्ही वेळा खाली शेत किंवा पाणी होते म्हणून बातमी दोन दिवसांत विरली.

दाभोळीला आठवड्याचे पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात. प्रवासी विमाने दुपारनंतर. गैरसोय होते, पण गोवेकराने ती सोसली, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा दुसरा विमानतळही सुरू झाला. वेळ वेगळी, जागा वेगळी, हा साधा उपाय चालतो. चालते ते मोडायची घाई कोणाला आहे?

रडारस्कोप

मी हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालो. चिखलीकर, तुम्ही दोन धोके एकत्र केलेत. विमान बिघडून खाली पडणे हा एक, आणि हवेत दुसऱ्यावर आदळणे हा दुसरा. आकाशाचा तुकडा बंद केल्याने दुसरा टळतो. पहिला टळत नाही. बंद तुकड्याखाली गाव असेल तर ड्रोन त्या गावावरच पडेल. तिथे उपयोगी पडतो तो उडण्यायोग्यतेचा दाखला, म्हणजे धाग्यातली पहिली अट.

आता आदळण्याविषयी. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी एअरलाइन्सचे ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ समोरासमोर आले. ३४९ माणसे गेली. कझाक विमान त्याला दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरले हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती दोन विमाने एकाच रेषेवर आली कशी? दिल्लीभोवतीचे बहुतेक आकाश हवाई दलाकडे होते आणि प्रवासी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच मार्गिका होती. येणारेही तिथून, जाणारेही तिथूनच, फरक फक्त उंचीचा. अपघातानंतर मार्गिका वेगळ्या केल्या गेल्या, दिल्लीला नवे रडार आले आणि विमानांत टीकॅस, म्हणजे धडक टाळण्यासाठी वैमानिकाला आदेश देणारी यंत्रणा, बसवणे सक्तीचे झाले.

राखीव आकाश फुकट मिळत नसते, हे मला सांगायचे आहे. तुम्ही एक तुकडा बंद केला की उरलेल्या चिंचोळ्या जागेत आम्हाला तीच विमाने कोंबावी लागतात. नियंत्रकाच्या पडद्यावर तो धोका नाहीसा झालेला नसतो, फक्त शेजारच्या चौकटीत सरकलेला असतो. दाभोळीला सकाळचे तास बंद ठेवणे जमते, कारण सरावाची विमाने तास-दोन तासांत परत येतात. ४० तास वर राहणाऱ्या यंत्रासाठी कोणते तास बंद ठेवणार?

उजवी_खुर्ची

प्रवासी विमानात सहवैमानिक आहे, त्यामुळे खिडकीच्या या बाजूचे सांगते. रडारस्कोप सरांचा चरखी दादरीचा मुद्दा मला पटतो, तरीही मी आज या प्रस्तावाच्या विरोधात आहे.

१ जुलै २००२ ला जर्मनीत उबरलिंगेनवर काय झाले ते आठवा. टीकॅसने रशियन वैमानिकांना वर जा सांगितले, नियंत्रकाने खाली या सांगितले. त्यांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान टीकॅस ऐकून खाली येत होते. ७१ जण गेले, त्यात बहुतांश सुट्टीवर निघालेली मुले. तेव्हापासून नियम कडक आहे, टीकॅस बोलले की त्याचेच ऐकायचे आणि पाच सेकंदांच्या आत हालचाल सुरू करायची.

आता ड्रोनचा चालक शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर बसला आहे. त्याचा हुकूम उपग्रहावरून जातो, चित्र उपग्रहावरून येते. जाण्या-येण्यात लागणारा वेळ थोडा असला तरी आपल्याकडे मुळात पाचच सेकंद आहेत. यंत्राने टीकॅसचा आदेश आपोआप पाळायचा अशी सोय करता येते, मला माहीत आहे. पण आदेश पाळायला अंगात जोरही लागतो. वर चढ म्हटल्यावर जेट विमान चटकन चढते. एका पंख्याचे, लांब पंखांचे हे विमान ३० हजार फुटांवर तितके चढू शकत नाही. म्हणूनच मानवरहित विमानांसाठी धडक टाळण्याची एक्स-यू नावाची वेगळी प्रणाली विकसित करावी लागली.

वेगाचे गणितही जुळत नाही. आम्ही वर ४५० नॉटने जातो, हे साधारण दोनशेने. हंगामात पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली पुढे येते तेव्हा मागच्या गाडीचे जे होते तेच इथे होणार, फरक इतकाच की आम्हाला ब्रेक मारून थांबता येत नाही. चढताना आणि उतरताना ही यंत्रे आमच्या सगळ्या पातळ्या हळूहळू कापत जातील. तो वेळ सगळ्यात वाईट.

आणि मोठ्या विमानामागचा हवेचा भोवरा. ऑगस्ट २००४ मध्ये काबूलवर जर्मन सैन्याचा लूना ड्रोन आरियाना कंपनीच्या एअरबसच्या अगदी जवळून गेला, त्या विमानाच्या भोवऱ्यात सापडला आणि खाली पडला. एअरबसमध्ये शंभरावर प्रवासी होते. लूना अगदी छोटा, ४० किलोच्या आसपासचा. इथे आपण साडेपाच टनांविषयी बोलतो आहोत.

इंगोलश्टाटकर

बव्हेरियात राहतो. आमच्या शेजारच्या मांशिंग तळावर या वादाचे सगळ्यात महाग उदाहरण उभे होते, म्हणून लिहितो.

जर्मनीने अमेरिकेच्या ग्लोबल हॉक या मोठ्या ड्रोनवरून युरो हॉक बनवून घ्यायचे ठरवले. पहिले विमान जुलै २०११ मध्ये मांशिंगला उतरले. ४० मीटर पंख, उत्तम टेहळणी यंत्रणा, सगळे झकास. अडले कुठे? युरोपच्या गर्दीच्या आकाशात ते उडवायला दाखला मिळेना. धडक टाळण्याची मान्य होण्याजोगी यंत्रणा त्यात नव्हती, आणि मूळ बनावटीची जी कागदपत्रे दाखल्यासाठी लागतात ती पुरेशी मिळत नव्हती. दाखल्यासाठी आणखी ५० ते ६० कोटी युरो लागतील असा अंदाज निघाला. तोवर ५० कोटींहून जास्त खर्च झालेलेच होते. मे २०१३ मध्ये संरक्षणमंत्री थॉमस डी मेझिएर यांनी प्रकल्प गुंडाळला. संसदेने चौकशी समिती नेमली. वर्तमानपत्रांत महिनोनमहिने तोच विषय होता.

त्या प्रकरणातून मी एवढे शिकलो की दाखल्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. जर्मन अधिकाऱ्यांना अडचण बरीच आधी दिसली होती, पण ती वर पोचली नाही.

उलट ब्रिटनने काय केले बघा. त्यांचे प्रोटेक्टर म्हणजे हेच एमक्यू-९बी. करतानाच नाटोच्या ४६७१ क्रमांकाच्या उडण्यायोग्यतेच्या मानकाप्रमाणे ते घडवले गेले. जुलै २०१८ मध्ये त्याच जातीचे विमान अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाहून निघून अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये फेअरफोर्डला उतरले. पहिले प्रोटेक्टर २०२३ मध्ये वॉडिंग्टन तळावर आले आणि २०२५ मध्ये त्याला लष्करी दाखला मिळाला. घाई नाही, लपवाछपवी नाही, आणि लिंकनशायर म्हणजे काही वाळवंट नव्हे. त्यामुळे उजवी_खुर्ची यांचा विरोध मला मान्य नाही.

पण धागाकर्त्यांना एक विचारतो. भारतात हा दाखला देणार कोण? लष्करी विमानांचे काम बेंगळुरूची सेमिलॅक करते, नागरी विमानांचे डीजीसीए. सेमिलॅकच्या दाखल्यावर डीजीसीएने डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? जर्मनीत नेमके इथेच घोडे अडले होते.

दर्यावर्दी

नौदलात होतो. वरचे सगळे वाचले. सगळे जण एक गोष्ट विसरलेत की हे ड्रोन घेतले कशासाठी आहेत.

हिंदी महासागरात कोणते जहाज कुठे चालले आहे, पाणबुडी कुठे डोके वर काढते, हे दिवसरात्र बघत राहायचे हे त्यांचे काम. त्यासाठी गुपचूप जावे लागते. तुम्ही म्हणता इतरांना दिसायला हवे, म्हणजे ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख सांगणारे यंत्र) चालू ठेवा, एडीएस-बी (आपली जागा सतत प्रक्षेपित करणारी यंत्रणा) चालू ठेवा. म्हणजे मोबाईलवर विमाने बघणाऱ्या कोणालाही, कराचीत असो की ग्वादरमध्ये, आपले ड्रोन कुठे आहे ते कळणार. मग ते उडवायचे तरी कशाला?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या शिकागो कराराचे तिसरे कलम लष्करी विमानांना त्या करारातून वगळते. प्रवासी विमानांच्या सुरक्षेचे भान ठेवा, एवढेच बंधन घालते. ते भान आम्ही ठेवतोच. २०२१ च्या ड्रोन नियमांतूनही तिन्ही दले वगळलेली आहेत. हे कोणाच्या नजरचुकीने झालेले नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ३२ विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी बंद केले, देशाने ते निमूट मान्य केले. गरज पडली की आकाश सैन्याचे असते. डीजीसीएचा शिक्का घेऊन देशाचे रक्षण होत नाही.

सामाईक आकाशात यायला माझी हरकत नाही. उलट ते हवेच. दर वेळी तुकडा बंद करायची परवानगी मागत बसण्यात आमचेच तास जातात, आणि नोटॅम काढला की उड्डाणाची वेळ जगजाहीर होते. पण येऊ ते आमच्या नियमांनी.

आकाशमार्ग

दर्यावर्दी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. त्याच्या वरच्याशी नाही.

२९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टन. धावपट्टीकडे उतरत असलेले प्रवासी विमान आणि अमेरिकी सैन्याचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर आदळले, ६७ जण गेले. हेलिकॉप्टरमध्ये तीन प्रशिक्षित माणसे होती. त्यांनी समोरचे विमान दिसते आहे असे नियंत्रकाला सांगितलेही होते. आणि त्या हेलिकॉप्टरचे एडीएस-बी प्रक्षेपण चालू नव्हते. सैन्याला तशी सवलत होती, सरावाच्या उड्डाणातही. त्या रात्री राजधानीच्या नदीवर कोणत्या शत्रूपासून लपायचे होते?

म्हणजे या एका अपघातात दोन्ही बाजूंना उत्तर आहे. चिखलीकर म्हणतात आत माणूस नाही म्हणून धोका, तर इथे माणसाच्या डोळ्यांनीच दगा दिला. रात्रीच्या शहराच्या दिव्यांत समोरचे विमान ओळखू येत नाही. रडार आणि ट्रान्सपॉन्डर या बाबतीत डोळ्यांपेक्षा भरवशाचे आहेत. आणि तुम्ही म्हणता आमच्या नियमांनी येऊ, तर त्या नियमांनी येण्याचा परिणामही तोच आहे.

मी समुद्रावर सगळे चालू ठेवा म्हणत नाही. अरक्कोणमहून उडून, चेन्नईची वाहतूक ओलांडून, किनाऱ्यापासून पुरेसे दूर जाईपर्यंत दिसत राहा. पुढे गस्तीच्या भागात काय बंद करायचे ते तुम्ही ठरवा. ड्रोन अरक्कोणमला आहेत हे काही गुपित नाही, वर्तमानपत्रात छापून आलेले आहे. निघताना आणि परतताना दिसल्याने कोणती माहिती फुटते?

कलमबहाद्दर

वकिली करते. दाखला आणि ट्रान्सपॉन्डर यांवर भरपूर झाले, धागाकर्त्यांच्या चौथ्या अटीकडे कोणी वळलेच नाही. माझ्या मते ती सगळ्यात मोठी आहे.

२५ एप्रिल २००६ ला अमेरिकेत अॅरिझोनात नोगालेसजवळ सीमाशुल्क खात्याचे प्रिडेटर-बी ड्रोन पडले. ड्रोन सैन्याचे नव्हते, त्यामुळे चौकशी त्यांच्या नागरी अपघात मंडळाने केली आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला झाला. त्यातून काय निघाले? चालकाचा एक संगणक अडकला, म्हणून त्याने शेजारच्या संगणकावर ताबा घेतला. त्या दुसऱ्या जागेवरची एक दांडी आधीपासून इंधन बंद करण्याच्या स्थितीत होती. बदल करण्याआधी दोन्हीकडच्या दांड्या जुळवून घ्यायच्या असतात, ते राहिले. इंजिन हवेतच बंद पडले. ड्रोन पडण्यामागे यंत्राचा दोष किती, मांडणीचा किती आणि प्रशिक्षणाचा किती, हे त्या अहवालामुळे जगाला कळले. मंडळाने त्यावर शिफारशीही केल्या.

आता आपल्याकडे बघा. प्रवासी विमान पडले तर एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग, चौकशी करते आणि अहवाल प्रसिद्ध होतो. सैन्याचे विमान पडले तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तिचे कागद बाहेर येत नाहीत. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा नवा कायदाही सैन्याच्या विमानांना लागू नाही. प्रवासी विमान आणि लष्करी ड्रोन यांची टक्कर झाली तर दोन चौकश्या बसतील. एक उघड, एक बंद. उघड चौकशी करणाऱ्यांना ड्रोनच्या नोंदी, चालकाचे बोलणे, चालक आणि ड्रोन यांच्यातल्या संपर्क-दुव्याची स्थिती हे हक्काने मागता येईल का? मृतांच्या नातेवाइकांनी भरपाई कोणाकडे मागायची? हे आज कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

दर्यावर्दी, कराराच्या तिसऱ्या कलमातले ‘भान’ तुम्ही सांगितलेत. भान ठेवले होते की नव्हते, हे अपघातानंतर ठरवणार कोण? ज्याने ठेवायचे होते त्यानेच ठरवायचे असेल, तर मला ते मान्य नाही.

चिखलीकर_वास्को

कलमबहाद्दरताई, हेच मला सांगायचे होते, मला नीट मांडता आले नव्हते.

शिवाय दुवा तुटला तर? २ ऑगस्ट २०१० ला अमेरिकी नौदलाचे फायर स्काउट हे मानवरहित हेलिकॉप्टर चाचणीत असताना संपर्क तुटून भरकटले आणि वॉशिंग्टनभोवतीच्या प्रतिबंधित आकाशात शिरले. संपर्क तुटल्यावर परत फिरायचे असे त्याला शिकवलेले होते, ते त्याने केले नाही. कारण काय, तर सॉफ्टवेअर.

आपल्याकडे तर जीपीएसमध्येच गडबड चालते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएसमध्ये अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले, बहुतेक अमृतसर आणि जम्मू भागातल्या. प्रवासी विमानातला वैमानिक अशा वेळी खिडकीबाहेर बघतो, नियंत्रकाशी बोलतो, मार्ग काढतो. ड्रोनचा जीपीएस फसवला आणि दुवाही तोडला तर आत विचार करणारे कोण आहे?

रडारस्कोप

चिखलीकर, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी सोपे उत्तर देणार नाही.

नियंत्रकाला सगळ्यात जास्त काय हवे असते? समोरचे विमान पुढच्या दहा मिनिटांत काय करेल याची खात्री. प्रवासी विमानाचा रेडिओ बंद पडतो तेव्हाही तो आमच्याशी बोलू शकत नाही. पण त्याने काय करायचे हे लिहून ठेवलेले आहे, तो ७६०० हा कोड लावतो आणि आम्ही त्याला रस्ता मोकळा करून देतो. दुवा तुटलेल्या ड्रोनसाठी अमेरिकेत ७४०० हा वेगळा कोड वापरतात. ड्रोन किती वेळ घिरट्या घालणार, कोणत्या बिंदूकडे जाणार, कोणत्या उंचीने परतणार, हे उड्डाणाआधीच ठरलेले असते. तो कागद उड्डाणापूर्वी नियंत्रकाच्या टेबलावर असलाच पाहिजे. तो नसेल तर माझ्या पाळीत मी परवानगी दिली नसती, समोर कोणीही असो. आणि त्या परतीच्या वाटेखाली शहर नको. जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा जीपीएसशिवायही काही काळ विमान वाटेवर ठेवते, तिची मर्यादा किती हे दाखल्याच्या वेळी तपासून लिहिले गेले पाहिजे.

लोहगावचे उदाहरण देतो. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, नियंत्रक हवाई दलाचे, आणि सुखोई व प्रवासी विमाने एकाच धावपट्टीवरून उडतात. रोज. नागरी आणि लष्करी वाहतूक एकत्र हाताळण्याचे कसब या देशात आहे. गोरखपूर आणि सरसावाला तेच लोक असतील.

उजवी_खुर्ची

लोहगाव मला चांगले माहीत आहे, तिथे नेहमी उतरते. सर, तिथे जमते कारण सुखोईचा वैमानिक आमच्याच फ्रिक्वेन्सीवर असतो. तो काय बोलतो ते मला ऐकू येते, मी काय बोलते ते त्याला. नियंत्रकाने डावीकडे वळ म्हटले की तो क्षणात वळतो. ड्रोनचा चालक त्याच फ्रिक्वेन्सीवर, ड्रोनमधल्या रेडिओमार्फत, विनाविलंब बोलणार असेल तर मी माझा विरोध थोडा मागे घेईन. फोनवरून नियंत्रकाशी वेगळे बोलणार असेल तर नाही. इतर वैमानिकांना ऐकू न येणारे विमान मला माझ्या आकाशात नको.

मुंबईचा विषय मात्र वेगळा धरा. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, म्हणजे एका वेळी एकच वापरात, दिवसाला साडेनऊशेच्या आसपास ये-जा, २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारी नवी मुंबईही सुरू, आणि घाटावर पुणे. या त्रिकोणात ड्रोनला चढायला-उतरायला जागा नाही. कोणताही दाखला असो.

दर्यावर्दी

मुंबईत उतरवायचे कोणी म्हटलेलेच नाही. पण पोरबंदरहून दक्षिणेला निघालेले ड्रोन अरबी समुद्रावर आखाताकडून मुंबईला येणाऱ्या मार्गांना छेदणारच. रोज, दोन्ही बाजूंनी. ते टाळायला नकाशात दुसरी वाट नाही.

आकाशमार्ग यांचे ‘निघताना-परतताना दिसा’ हे मी मान्य करतो. किनाऱ्यापासून किती मैलांपर्यंत, हे नौदल आणि विमानतळ प्राधिकरणाने बसून ठरवावे. आखाती मार्ग छेदतानाही दिसायला माझी ना नाही, ते पाच-दहा मिनिटांचे काम आहे. पण चौकशीचा अहवाल उघड करण्याला माझा विरोध कायम आहे. दुवा कोणत्या लहरींवर चालतो, तो कसा तुटला, किती वेळ तुटला, हे छापले की पुढच्या वेळी तो तोडणारा तयारच असेल.

कलमबहाद्दर

लहरी झाकून ठेवा. नोगालेसच्या अहवालात कोणती लहर होती हे कळल्याने काही फायदा झाला नाही, दांडी चुकीच्या जागी होती हे कळल्याने झाला. संवेदनशील भाग काळा करून उरलेले छापण्याची पद्धत जगभर आहे. आधीच्या १८ सप्टेंबरच्या अपघातापासूनच सुरुवात करता येईल. ड्रोन भाड्याचे होते, चालवणाऱ्यांत कंपनीची माणसे होती, खाली समुद्र होता, कोणी दगावले नाही. यापेक्षा सोपा अहवाल पुढे कधी मिळणार नाही. काय बिघडले आणि आता येणाऱ्या ३१ मध्ये ते दुरुस्त केले आहे का, एवढी दोन पाने संसदेच्या पटलावर ठेवा.

चिखलीकर_वास्को

ती दोन पाने आली तर मी माझे मत पुन्हा तपासेन. तोवर माझ्या घरावरून दिसत जाणारे ड्रोनही मला नको आणि न दिसता जाणारेही नको.